रंगाला हरकत नाही, पण…

पुण्यात पाणी, पार्किंग आणि सावली या तीन गोष्टींपैकी सावली तेवढी हल्ली फुकट आणि भरपूर मिळते. आमच्या सोसायटीच्या पूर्वेला बावीस मजली इमारत आली, पश्चिमेला अठरा मजली, आणि मधल्या बागेच्या पट्ट्यात सूर्य आता दुपारी जेमतेम पाऊण तास डोकावतो. तोही बऱ्याचदा कुणाच्या तरी गाडीच्या काचेवरून उलटा फिरून येतो. मोगऱ्याने पहिल्याच वर्षी मान टाकली. गुलाबांनी फुलं द्यायची बंद केली आणि नुसत्या काटेरी काठ्या उंचावत राहिले. मनी प्लांट मात्र मजेत वाढला. पण मनी प्लांटच्या शेजारी उभं राहून कोणी फोटो काढत नाही, आणि ज्या बागेत फोटो निघत नाहीत तिच्यासाठी मेंटेनन्समधून पैसे काढायला सभासद तयार होत नाहीत.

म्हणून असं झाड हवं होतं, जे सावलीत फुलेल, वर्षानुवर्षं जगेल, बारा महिने फूल देईल आणि ज्याची फुलं सोसायटीच्या सत्कारांनाही उपयोगी पडतील. शेवटची अट खजिनदारांची. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्या सुरू होतात, तिथल्या एका नर्सरीवाल्याने या चारही अटी शांतपणे ऐकून घेतल्या आणि एका शब्दात निकाल लावला, “अँथुरियम.” झाड ठरायला अर्धं मिनिट लागलं. त्याचा रंग ठरायला पावसाळा उलटला.

अँथुरियम आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण झाडावर क्वचितच. ते बँकेच्या काउंटरवर, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये किंवा प्रमुख पाहुण्यांच्या हातात असतं. बदामाच्या आकाराचा, तेल लावल्यासारखा चकचकीत लाल पत्रा आणि त्यातून वर आलेला पिवळा दांडा. हे फूल इतकं प्लॅस्टिकसारखं दिसतं की प्लॅस्टिकवाल्यांना त्याची नक्कल करणं सगळ्यात सोपं गेलं, आणि आता खऱ्याची पंचाईत झाली आहे. खरं अँथुरियम दिसलं की माणसाचा अंगठा आपोआप पुढे होतो. नख रुतवून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात जरा वाकून बघा. स्पर्धेतल्या फुलांना दोरीआड ठेवलेलं असतं म्हणून ती वाचतात, पण विक्रीच्या स्टॉलवरच्या लाल बदामावर कडेकडेने बारीक चंद्रकोरी उठलेल्या असतात. काही ताज्या, काही तपकिरी पडलेल्या. आणि प्रत्येक नख लावणारा दुसऱ्याला सांगत असतो, “खरं आहे हो!”

खरी गंमत अशी की तो लाल भाग फूल नाहीच. ते एक रंगीत पान आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकात त्याला महाछद म्हणतात. खरी फुलं म्हणजे मधल्या दांड्यावरचे दाटीवाटीने बसलेले बारीक ठिपके. हे झाड सुरणाच्या कुळातलं, म्हणजे अळू, सुरण आणि अँथुरियम ही एकाच घरातली भावंडं. ही माहिती मी कमिटीच्या बैठकीत मोठ्या उत्साहाने दिली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, “मग ह्याची वडी होते का?”

होत नाही. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, म्हणूनच तर आपण चिंच घालतो आणि तरी पंगतीत कोणीतरी घसा खाजवतो. अँथुरियममध्येही तेच कण आहेत, आणि ते खायचं झाडच नव्हे. जिभेची आग होते, घसा सुजतो. हे ऐकून काकूंचा त्या झाडातला रस तिथेच संपला. आमच्याकडे दोनदा पानं खुडून नेली गेली आहेत, त्यामुळे सेक्रेटरींना मात्र ते जास्तच पसंत पडलं.

मग निघाला रंगाचा विषय. माझं एक मत आहे, आणि ते या बैठकांमधूनच बनलं आहे. आपण मराठी माणसं रंग निवडत नाही, आपण रंगांवर हरकती घेतो. सगळ्या हरकती घेऊन झाल्यावर जो उरतो तो आपला आवडता रंग. साडीच्या दुकानात हेच होतं, भिंतीच्या रंगाचं हेच होतं. पण तिथे हरकत घेणारे घरचे चारजण असतात. इथे चौसष्ट फ्लॅट होते.

लाल रंग पहिल्या फेरीतच अडचणीत आला. हरकत एवढीच की तो सगळ्यांना आवडला. “लाल तर सगळीकडे असतं, हॉटेलची लॉबी वाटेल,” असं बी विंगचं म्हणणं पडलं. बी विंगमध्ये लाल रंगाच्या चार गाड्या आहेत, पण तो मुद्दा बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्हता.

पांढऱ्याचं नाव निघताच दोन ज्येष्ठ सभासद एकदम म्हणाले, “दारात पांढरं नको.” का नको हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. एका तरुण मुलीने हळूच सुचवलं की पांढरं अँथुरियम फार सुंदर दिसतं, लग्नात हल्ली तेच असतं. तिला सांगण्यात आलं की लग्न हॉलमध्ये असतं, दारात नसतं.

नारिंगी रंगाच्या वेळी खोलीत शांतता पसरली. सेक्रेटरींनी खिडकी लावून घेतली. “निवडणुका तोंडावर आहेत,” ते म्हणाले, “उद्या कोणी विचारलं तर सोसायटीची भूमिका काय?” अध्यक्ष पूर्वी सरकारी नोकरीत होते, त्यामुळे त्यांच्याकडे तोडगा तयार होता. “नारिंगी लिहू नका. कोरल लिहा.” नाव बदललं की पक्ष बदलतो, हा त्यांचा तीस वर्षांच्या सेवेचा अनुभव. तरीही तो रंग मागे पडला.

हिरवा रंग वेगळ्याच कारणाने पडला, निदान इतिवृत्तात तसं लिहिलं आहे. हिरव्या पानांत हिरवं फूल दिसणार कुणाला, आणि न दिसणाऱ्या फुलाला पैसे का द्यायचे, असा खजिनदारांचा रोखठोक सवाल होता. चॉकलेटी रंगाचं अँथुरियम येतं हे ऐकून सगळे क्षणभर हरखले, मग माळीबुवा दारातूनच म्हणाले, “नको साहेब. लोक म्हणतील पाणी घातलं नाही, वाळलं.” बैठकीतलं एकमेव तज्ज्ञ मत तेवढंच, आणि त्याला कोणी विरोध केला नाही. दुरंगी जात, म्हणजे मधे गुलाबी आणि कडेने हिरवट झाक, ती सगळ्यांना पसंत पडली. ती सगळ्यात महाग होती.

उरला गुलाबी. “गुलाबी कसला, तो तर लालच,” असं म्हणत तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक उठले. ते रसायनशास्त्र शिकवत असत. सोसायटीतल्या प्रत्येक वादाला रेणू असतो असं त्यांना वाटतं आणि या वेळी तो खरोखरच होता. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. लाल आणि गुलाबी अँथुरियममध्ये रंगद्रव्य एकच, सायनिडिनचं. लालमध्ये ते घट्ट, गुलाबीत पातळ. ऐनवेळी पाहुणे वाढले की आमटीचं जे होतं तेच लालचं झालं की गुलाबी. नारिंगीत द्रव्य वेगळं, पेलार्गोनिडिनचं. पांढऱ्यात दोन्ही नाहीत. हिरव्यात पानाचं हरितद्रव्य तसंच राहून गेलेलं, म्हणजे ज्याने पानपण सोडलंच नाही असं फूल. आणि हरितद्रव्यावर लाल चढला की होतो चॉकलेटी. “म्हणजे तुम्ही सात रंगांवर भांडताय,” प्राध्यापक म्हणाले, “आणि माल तीनच डब्यांत आहे.”

यावर सी विंगच्या एका सभासदाने विचारलं, निळ्याचा डबा कुठाय? निळा नाही. झेंडूसारखा ठसठशीत पिवळाही नाही. पिवळा म्हणून जे मिळतं ते सायीच्या अलीकडे-पलीकडे. हवाईच्या विद्यापीठात 1950 पासून हारुयुकी कामेमोतो यांनी या झाडाच्या जाती जुळवण्याचं काम हाती घेतलं. लालातून नारिंगी कधी निघतो आणि पांढरा कधी, याचा जनुकांचा हिशोब त्यांच्या संशोधनातून लागला. म्हणजे दोन झाडांचं लग्न लावण्याआधी पिल्लांचा रंग कागदावर मांडता येतो. हे ऐकून सगळ्यात खूश कोण झालं असेल तर पत्रिका बघणारे तळमजल्यावरचे जोशीबुवा.

हवाईत हे झाड मूळचं नव्हे. फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ एदुआर आंद्रे यांना 1876 मध्ये ते कोलंबियाच्या डोंगराळ जंगलात सापडलं, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात आंद्रे आहेत. तिथून युरोपातली काचघरं, आणि 1889 मध्ये सॅम्युएल डेमन लंडनहून ते हवाईला घेऊन गेले. हे डेमन हवाईच्या राज्याचे अर्थमंत्री होते. अर्थमंत्र्याने देशात काहीतरी नवीन आणलं आणि लोकांना ते मनापासून आवडलं, अशी उदाहरणं इतिहासात फार नाहीत, म्हणून नोंदवून ठेवतो. पुढे मॉरिशसनेही ते उचललं आणि तिथून ही फुलं परदेशी जाऊ लागली. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आजही मराठीपण सांभाळून आहेत. मला राहून राहून वाटतं, त्यांच्या एखाद्या मंडळाच्या बैठकीतही हा रंगाचा विषय कधीतरी निघाला असेल, आणि अजून संपला नसेल.

शेवटी “लाल व गुलाबी, समसमान” असा ठराव झाला आणि आम्ही पाचजण नर्सरीत गेलो. तिथे कळलं की सभागृहात रंग ठरवणं आणि जाळीखाली रंग बघणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अँथुरियम वाढवतात ते 75 टक्के सावली देणाऱ्या जाळीखाली. जाळी हिरवी असेल तर तिच्याखाली सगळंच थोडं हिरवट दिसतं, झाडं, फुलं, नर्सरीवाला आणि खजिनदारसुद्धा. खजिनदारांनी पसंत केलेला गुलाबी जाळीबाहेर आणल्यावर अस्सल लाल निघाला. त्यांनी तो परत जाळीखाली नेला, पुन्हा बाहेर आणला, आणि शेवटी नर्सरीवाल्याला विचारलं की जाळीही विकत मिळते का.

नर्सरीवाला समजावून थकला की सावलीतलं झाड म्हणजे अंधारातलं झाड नव्हे. ऊन जास्त झालं की रंग विटतो, पानं भाजतात. अंधार जास्त झाला की पानं हिरवीगार राहतात आणि फूल येत नाही. म्हणजे लाल आणायचा की गुलाबी हे तुम्ही ठरवा, पण तो लाल किती लाल राहील हे शेजारच्या बिल्डरने आधीच ठरवून ठेवलं आहे. शिवाय फूल झाडावर जुनं झालं की त्यात परत हिरवा उतरू लागतो. पांढऱ्यावर तर तो लगेच दिसतो. खजिनदारांनी ज्या हिरव्याला पैसे नाकारले होते, तो अशा रीतीने फुकट मिळणार होता.

“आणि हीच फुलं बुकेला चालतील ना?” सेक्रेटरींनी मुद्द्याला हात घातला. नर्सरीवाल्याने डोकं खाजवलं. कुंडीतली जात वेगळी, कट फ्लॉवरची वेगळी. कुंडीतली बुटकी, आटोपशीर, छोटी छोटी फुलं भरपूर, पण देठ वीतभर. बुकेवाल्याला लागतो हातभर लांब ताठ देठ आणि तळहाताएवढं फूल. ते झाड मोठं होतं, पसरतं, आणि वर्षाला साधारण 6 ते 8 फुलं देतं. कारण हिशोब सरळ आहे, एका पानाच्या बगलेत एकच फूल. सेक्रेटरींनी तिथेच मोबाइलवर हिशोब मांडला. गणपती, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कोजागिरी, हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या मुलांचं कौतुक, वॉचमनचा निरोप समारंभ आणि दरवर्षी नवीन कमिटीने जुन्या कमिटीचा केलेला सत्कार. सत्कारांना पुरतील एवढी झाडं लावायची तर पार्किंग काढावं लागलं असतं.

कुंडीतलीच घेतली. लावण्याचं काम माळीबुवांनी केलं, आणि त्यात एकदाही बैठक बोलावली नाही. मूळचे ते सावंतवाडीकडचे. कोकण-गोव्यात या झाडाला काही लागत नाही, ओटीवर ठेवलं की दमट हवेवर ते आपोआप पोसतं. इथे त्यांनी नारळाची सोडणं, विटांचे तुकडे, लाकडी कोळसा आणि कोकोपीट असं भरून घेतलं. माती जवळजवळ नाहीच. मुळांना हवा लागते, चिखल चालत नाही. टँकरचं पाणी मात्र त्यांनी ठामपणे नाकारलं. त्या पाण्यात क्षार फार, आणि अँथुरियमला क्षार सोसत नाहीत, पानांची टोकं करपतात. आता त्या कुंड्यांना फिल्टरचं सांडपाणी नव्हे तर गाळलेलं चांगलं पाणी मिळतं, आणि चौथ्या मजल्यावरून तक्रार आहे की आमच्या नळाला टँकरचं येतं.

बुकेचा प्रश्न बाजारातच सुटणार होता. तो तिथेच सुटतो. पुण्यातल्या कुठल्याही हॉलच्या तोंडाशी असलेल्या फुलवाल्याकडे जा, त्याचं रंगशास्त्र प्राध्यापकांपेक्षा सोपं आणि पक्कं असतं. तो रंग विचारत नाही. तो विचारतो, “कशासाठी?” निवृत्ती असेल तर लाल. महिला अधिकारी असतील तर गुलाबी. शोकसभा असेल तर पांढरं, तेही दोनच, जास्त लावलं की लग्नाचं दिसतं. नारिंगी मागितलं तर तो आधी विचारतो, “कार्यक्रम कुणाचा?” आणि उत्तर ऐकून भाव सांगतो. हिरवं तो फक्त मोठ्या हॉटेलातल्या कार्यक्रमांना देतो, कारण तिथल्या लोकांना न दिसणारं फूल महाग असलं की आवडतं. लग्नाच्या स्टेजवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे लाल, पांढरा असं काही नसतंच. तिथे पीच, पिस्ता, ऑफ-व्हाइट आणि डस्टी असं काहीतरी असतं, आणि ते वधूच्या शालूशी जुळलं नाही तर डेकोरेटरशी, आणि जुळलं तर सासूबाईंच्या पैठणीशी भांडण होतं.

या फुलाचा टिकाऊपणाही सत्कारसंस्कृतीला मानवला आहे. गुलाबाची पाकळी दुसऱ्या दिवशी गळते, जरबेरा मान टाकतो. अँथुरियम पाण्यात दोन-तीन आठवडे मख्ख चेहऱ्याने उभं राहतं. म्हणून शहाणा फुलवाला प्रत्येक बुकेच्या मधोमध एक अँथुरियम लावतो, भोवती स्वस्तातली पांढरी भुरभुर आणि अळवाला लाजवेल एवढी पानं. आणि शहाणा यजमान ते सांभाळून ठेवतो. शुक्रवारी आमच्या ओळखीतल्या एका वाचनालयात व्याख्यात्यांना दिलेला बुके मी जवळून पाहिला होता. मधल्या लाल बदामाच्या डाव्या कडेला दोन चंद्रकोरी होत्या, एक मोठी, एक लहान, कुणातरी आई-मुलाच्या असाव्यात. रविवारी दुसऱ्या उपनगरातल्या ज्येष्ठ नागरिक संघात त्याच दोन चंद्रकोरी एका निवृत्त न्यायाधीशांच्या हाती पडल्या. फीत तेवढी बदलली होती. न्यायाधीशांनी फूल निरखलं, अंगठा पुढे केला, आणि तिसरी उमटवली.

गेल्या महिन्यात आमच्या अध्यक्षांचा एकाहत्तराव्या वर्षानिमित्त सत्कार ठरला. लाल नको, तो जुन्या कमिटीने वापरला होता. गुलाबी अध्यक्षांना आवडत नाही. पांढऱ्याचा प्रश्नच नव्हता. नारिंगी आणि हिरव्याबद्दल खजिनदारांनी फोन कानाला लावून दुकानाबाहेर जाऊन कुणाशी तरी चर्चा केली आणि परत येऊन नुसती मान हलवली. फुलवाला हे सगळं उभ्याने ऐकत होता. मग त्याने टेबलाखालून एक बादली ओढली. त्यात पाच अँथुरियम होती, गडद निळी, प्रत्येकावर प्लॅस्टिकची टोपी, प्रत्येकाचा देठ पाण्याच्या छोट्या नळकांड्यात खोचलेला.

“निळी? अँथुरियममध्ये निळी नसतात,” मी म्हणालो.

“पांढरीच आहेत, साहेब. मीच रंगवली. कालच.” त्याने एक उचललं आणि बोटं फडक्याला पुसली. “निळ्याला अजून कुणी हरकत घेतलेली नाही. फक्त पाहुण्यांनी पांढरा झब्बा घातला असेल तर सांगा, फोटो झाला की लगेच खाली ठेवायचं.”